'सोलापुरी', 'सोलापूरची', 'सोलापूर': विशेषणाची निवड आणि समीक्षेची परिभाषा

एका नामाने दुसऱ्या नामाला विशेषित करावयाचे असेल तर मराठी भाषकापुढे निदान तीन वाटा असतात. नाम तसेच्या तसे पुढच्या नामाला जोडावे, त्याला षष्ठीचा 'चा-ची-चे' लावावा किंवा त्यापासून तद्धित प्रत्ययाने विशेषण घडवावे. 'सोलापूर महानगरपालिका', 'सोलापूरची महानगरपालिका' आणि 'सोलापुरी चादर' ही उदाहरणे शेजारी ठेवली की या वाटा एकाच मुक्कामाला जात नाहीत हे चटकन ध्यानात येते. 'सोलापुरी महानगरपालिका' असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर ऐकणारा हसतो, आणि त्या हसण्यामागे व्याकरणाचा एक नियम दडलेला असतो. शालेय व्याकरणे या विषयाची बोळवण 'नामसाधित विशेषण' या एका सदरात करतात. त्या सदरात 'कापड दुकान'ही बसते आणि 'सातारी पेढे'ही. दोहोंत विशेषण होण्याची प्रक्रिया निराळी आहे, एवढेच नव्हे तर विशेष्याशी असलेला संबंधही निराळा आहे, हे मात्र तेथे सांगितले जात नाही.

इंग्रजीच्या अभ्यासकांना हा प्रश्न परिचयाचा आहे. इतिहास शिकविणारा तो 'हिस्टरी टीचर'. त्याला 'हिस्टॉरिकल टीचर' म्हटले तर तो स्वतःच इतिहासजमा होतो. 'क्रिमिनल लॉयर' या प्रयोगातील द्व्यर्थ तर विनोदाच्या कामी कायमचा लागलेला आहे. केवळ नाम विशेष्याचा विषय किंवा क्षेत्र सांगते आणि साधित विशेषण विशेष्याच्या अंगचा गुण सांगते, अशी ढोबळ विभागणी इंग्रजीपुरती करता येते. तीही फार ताणता येत नाही, कारण 'क्रिमिनल लॉ' या प्रयोगात विशेषणच विषय सांगते. मराठीत 'इतिहाससंशोधक' आणि 'ऐतिहासिक संशोधक' यांत हाच भेद आहे. परंतु मराठीचे काम दोन वाटांत भागत नाही. षष्ठी ही तिसरी वाट येथे राजरस्त्यासारखी रुळलेली आहे. शिवाय 'भाषाविषयक धोरण' मधील 'विषयक' आणि 'भाषावार प्रांतरचना' मधील 'वार' अशा आडवाटाही आहेत. इंग्रजीतील एका 'लिंग्विस्टिक' या शब्दासाठी मराठीला 'भाषिक अल्पसंख्याक', 'भाषावार प्रांतरचना', 'भाषावैज्ञानिक सिद्धांत' असे प्रत्येक ठिकाणी वेगळे शब्द योजावे लागतात. हे दारिद्र्य नव्हे. इंग्रजी विशेषण जे संदिग्ध ठेवते ते मराठीला उच्चारून सांगावे लागते, इतकेच.

षष्ठीविषयी एक गोष्ट आधीच नोंदवायला हवी. संस्कृत परंपरेत षष्ठी हे कारक नाही. तिचा संबंध क्रियेशी नसून दुसऱ्या नामाशी असतो. मराठीत तर 'चा-ची-चे' विशेष्याच्या लिंगवचनाप्रमाणे विशेषणासारखाच बदलतो. त्यामुळे दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंतच्या परंपरेत विभक्ती व विशेषण यांच्या सीमेवरचे हे रूप अभ्यासकाला विचार करायला लावत आले आहे. 'सोलापूरचा माणूस', 'सोलापूरची चादर', 'सोलापूरचे पाणी' या रूपांत प्रत्यय पुढच्या शब्दापुढे वाकतो. गावाचे नाव मात्र अभंग राहते. 'सोलापुरी'चे नेमके उलट आहे. ते कोणत्याही विशेष्यापुढे वाकत नाही, चादर असो की टॉवेल, 'सोलापुरी' ते 'सोलापुरी'च. पण ते घडताना गावाच्याच नावाला मुरड पडते. ग्रामवाचक 'पूर' मधला 'पू' दीर्घ लिहावा असे मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम सांगतात, आणि त्याच व्यवस्थेत 'सोलापुरी' मधला 'पु' ऱ्हस्व होतो. लेखनाचा हा तपशील क्षुल्लक वाटेल. अर्थाच्या पातळीवर जे घडते त्याची ही जणू खूणच आहे: षष्ठीत गाव गावच राहते, 'ई' प्रत्ययात ते वस्तूच्या गुणात विरघळू लागते.

म्हणून 'सोलापूरची चादर' म्हटले की चादरीचे मूळ सांगितले जाते. ती कोठून आली, कोठे विणली गेली याची ती ग्वाही असते. 'सोलापुरी चादर' म्हटले की जात सांगितली जाते: जाड सुती पोत, जकार्डावर उठविलेली नक्षी, दोन्ही बाजूंनी वापरता येणारे अंग. या दोन प्रयोगांचे क्षेत्र पुष्कळदा एकच असते, आणि म्हणूनच भेद लपून राहतो. तो उघडा पडतो तो चादर दुसऱ्याच गावी विणली जाते तेव्हा. 'सोलापूरची' हा शब्द तेव्हा खोटा ठरतो. 'सोलापुरी' हा शब्द खोटा ठरतोच असे नाही. 'त्या तऱ्हेची' असा बचाव त्याच्या पोटातच असतो. सोलापूरच्या विणकरांची नकली मालाविरुद्धची तक्रार व्यापाराची आहे तशी ती, कोणी तशी मांडली नसली तरी, एका प्रत्ययाविरुद्धचीही आहे. त्यात आणखी एक पीळ असा की या चादरीला नाव मिळवून देणाऱ्या विणकरांत तेलंगणातून आलेल्या तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबांचा वाटा फार मोठा आहे. 'सोलापुरी' हे विशेषण त्यांना सामावून घेते. ते गावाचे नाव सांगते, घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेचे नाही.

जेथे जातीचा प्रश्नच संभवत नाही तेथे 'ई' प्रत्यय भाषा स्वतःच नाकारते. मे १९३० मध्ये शहरावर लष्करी कायदा लादला गेला तो 'सोलापूरचा मार्शल लॉ'. कोणी 'सोलापूर मार्शल लॉ' असेही लिहितो. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे 'सोलापूरचे चार हुतात्मे'. 'सोलापुरी हुतात्मे' असा प्रयोग कोणाच्याही तोंडून येणार नाही. हौतात्म्याची एखादी स्थानिक तऱ्हा असते आणि ती इतरत्रही आढळू शकते, असे त्या प्रयोगातून सूचित झाले असते. घटना एकदाच आणि एकाच जागी घडते. तिला मूळ असते, जात नसते. माणसांच्या बाबतीत भाषेने 'सोलापूरकर' ही वेगळी सोय ठेवली आहे, ती याच कारणाने. 'सोलापुरी माणूस' म्हटले की वर्णन सुरू होते, थोडी थट्टाही सुरू होते. 'पुणेरी' या शब्दाने तर ही थट्टा स्वभावातच मुरवून घेतली आहे. 'पुणेरी पाट्या' आणि 'पुण्यातल्या पाट्या' यांतील अंतर कोणाही मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

केवळ नाम जोडण्याची तिसरी तऱ्हा अधिकारक्षेत्राची आहे. सोलापूर जिल्हा, १९६४ साली स्थापन झालेली सोलापूर महानगरपालिका, २००४ साली स्थापन झालेले आणि पुढे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण केलेले सोलापूर विद्यापीठ, या सर्वांत गावाचे नाव पाटीसारखे लावलेले आहे. तेथे ना गुण अभिप्रेत असतो ना स्वामित्व. महाराष्ट्र साहित्य परिषद, विदर्भ साहित्य संघ ही नावेही याच घडणीची. केतकरांनी आपल्या कोशाला 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' असे विशेषणयुक्त नाव दिले. 'महाराष्ट्र ज्ञानकोश' म्हटले असते तर ज्ञानाचे क्षेत्र महाराष्ट्रापुरते आकुंचित झाल्याचा भास झाला असता. राज्यघटनेच्या अधिकृत मराठी पाठाचे नाव 'भारताचे संविधान' असे आहे. 'भारतीय संविधान' हा प्रयोग बोलण्यात सर्रास चालतो, पण षष्ठीत जे स्वामित्व आहे ते त्यात तितके ठसठशीत नाही.

आता गंमत अशी की चादरीच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले ते या तिसऱ्या रूपात. भौगोलिक उपदर्शनांचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ मध्ये अमलात आला. त्याखाली चेन्नईच्या नोंदवहीत चादर आणि टॉवेल यांची जी इंग्रजी नावे नोंदली गेली त्यांत 'सोलापूर' हे कोरे नाम आहे, 'सोलापुरी' नाही. डाळिंबाचेही तसेच, मंगळवेढ्याच्या ज्वारीचेही तसेच. या दोन्ही नोंदी २०१६ मधल्या. लोक म्हणतात 'मंगळवेढ्याची ज्वारी'. सामान्यरूपाने त्या नावाला येणारा 'ढ्या' हा गावच्या मातीचा उच्चार आहे. नोंदीतील नाव मराठीत आणले की 'मंगळवेढा ज्वारी' असा कोरडा, कागदी शब्द हाती येतो. मूळ सांगणारे रूप मराठीजवळ होते, पण षष्ठीचा प्रत्यय इंग्रजी नोंदीत उतरत नाही. तेव्हा नामाला नाम जोडण्याची इंग्रजी सवय मूळ सांगण्याच्या कामी आली आणि तीच मराठीत परत आली.

कोल्हापूरची गोष्ट मात्र याहून बोलकी आहे. त्या गावाच्या गुळाची नोंद 'कोल्हापूर' या नामाने झाली, आणि चपलेची 'कोल्हापुरी' या विशेषणाने. एकाच नोंदवहीत हा फरक कोणी हेतुपुरस्सर केला असेल असे मानण्याचे कारण नाही. तरी तो नेमका ठिकाणी पडला आहे. चपलेची नोंद २०१९ मध्ये झाली ती महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे, आणि तिच्या क्षेत्रात आठ जिल्हे येतात: कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे इकडचे, बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे तिकडचे. म्हणजे अस्सल 'कोल्हापुरी चप्पल' ही सोलापूरची असू शकते, आणि तरीही तिच्या नावात लबाडी नसते. 'कोल्हापूरची चप्पल' असे नाव असते तर हे आठ जिल्हे त्यात मावले नसते. 'पंढरपुरी म्हैस' पंढरपूरच्या तालुक्याबाहेर, सांगली-कोल्हापुराकडेही पोसली जाते आणि पंढरपुरीच राहते. 'पैठणी' हे विशेषण तर विशेष्य गिळून स्वतःच नाम झाले आहे. येवल्याच्या मागावर ती विणली जाते आणि तिच्यातले पैठण कोणाच्या कानाला ऐकूही येत नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात कोल्हापुरी घडणीच्या चपला मांडल्या तेव्हा त्यांचे वर्णन निव्वळ चामड्याच्या सँडल असे केले होते. विशेषण उसने घेतल्याचा प्रश्नच आला नाही. ते पुसून टाकले होते. ओरड झाल्यावर भारतीय पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याची कबुली आली. येथे हक्क मागणाऱ्यांना आधार होता तो त्या एका 'ई'काराचाच.

प्रत्यय एकच, तो विणकराच्या विरुद्ध जातो आणि चर्मकाराला उपयोगी पडतो. मूळ सोडून गुणाकडे जाणारे विशेषण चांगले की वाईट, याला नियमाने उत्तर नाही. त्या विशेषणाच्या आड कोण उभा आहे आणि बाहेर कोण राहिला आहे, हे पाहूनच ते ठरते. मराठी समीक्षेच्या परिभाषेत गेल्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत जे वाद झाले त्यांतील काहींचे मूळ येथे सापडते.

प्रथम एक साधे उदाहरण. 'साहित्य' या नामापासून 'साहित्यिक' हे विशेषण सरळ घडते, पण मराठीने ते माणसाला देऊन टाकले. 'ते साहित्यिक आहेत' या वाक्यात ते नाम आहे. परिणामी 'साहित्यिक मूल्ये' या प्रयोगात, साहित्याची मूल्ये की साहित्यिकांची, असा किंतु राहतो. समीक्षेने 'वाङ्मयीन' हा शब्द जवळ केला त्याचे एक कारण हे असावे. मर्ढेकरांच्या १९४१ च्या पुस्तकाचे नाव 'वाङ्मयीन महात्मता' असे आहे; त्या जागी 'साहित्यिक महात्मता' घालून पाहिले की महात्मता कृतीची न राहता व्यक्तीची होऊ लागते. मर्ढेकरांचा सगळा प्रतिपाद्य विषय त्या एका बदलाने डळमळला असता. 'वाङ्मयीन इतिहास' आणि 'वाङ्मयेतिहास' यांतही असाच भेद करता येतो: पहिल्यात इतिहास लिहिण्याची दृष्टी वाङ्मयाची आहे, दुसऱ्यात केवळ विषय वाङ्मय आहे. प्रत्यक्षात विद्यापीठीय लेखनात हे शब्द अदलाबदलीने वापरले जातात आणि मग ग्रंथांच्या याद्यांनाही 'वाङ्मयीन इतिहास' हे अभिधान मिळते. 'ऐतिहासिक' या शब्दाची अवस्था तर याहून बिकट. 'ऐतिहासिक कादंबरी'त तो विषय सांगतो, 'ऐतिहासिक निर्णय'मध्ये थोरवी. पहिल्या प्रयोगाने दुसऱ्यातली थोरवी फुकट पदरात पाडून घेतल्याची उदाहरणे मराठी कादंबरीच्या वाचकाला शोधावी लागणार नाहीत.

लेखनपद्धतीनेही या गोंधळात भर घातली आहे. 'साहित्यसंमेलन' असे जोडून लिहिले की तो समास असतो आणि त्याचा विग्रह करता येतो: साहित्याचे संमेलन, साहित्यासाठी संमेलन, साहित्यिकांचे तर नव्हेच. १९४१ साली वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात भरले तेही साहित्याचे संमेलन होते. इंग्रजीच्या धर्तीवर 'साहित्य संमेलन' असे तोडून लिहिले की पहिले पद विशेषणासारखे दिसू लागते आणि विग्रहाची जबाबदारी कोणावरच राहत नाही. दोन पदांमधील ही मोकळी जागा निरुपद्रवी दिसते. लपलेली विभक्ती तेथेच हरवते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९ च्या संग्रहाचे नाव 'माणदेशी माणसे' आहे. माणदेश हा सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतला सांगोल्याकडचा कोरडा मुलूख. 'माणदेशातील माणसे' म्हटले असते तर ते नाव नकाशावर बोट ठेवणारे झाले असते. 'माणदेशी' म्हटल्याने दुष्काळाने घडविलेला एक स्वभाव नावातच आला. माडगूळकरांच्या हाती हे विशेषण खरे ठरले, कारण त्यातला प्रत्येक माणूस आधी माणदेशातला आहे आणि मग माणदेशी आहे. पुढे 'ग्रामीण' या विशेषणाच्या बाबतीत हा क्रम उलटला. 'ग्रामपंचायत', 'ग्रामसेवक' या शब्दांत 'ग्राम' हे कोरे नाम आहे, कारण तेथे प्रत्यक्ष गावाशी गाठ असते. 'ग्रामसाहित्य' हा शब्द रुजला नाही. 'ग्रामीण साहित्य' हा रुजला. आणि 'ग्रामीण' हा गुण झाल्यावर तो, नकली चादरीप्रमाणे, कोठेही विणता येऊ लागला. बोलीतील दोनचार शब्द, एक पाटील, एक तमाशा एवढ्या सामग्रीवर शहरात बसून लिहिलेल्या कथांवर १९७० नंतरच्या ग्रामीण साहित्य चळवळीतील लेखकांनी जो आक्षेप घेतला, तो मुळात 'ग्रामीण' या विशेषणाला पुन्हा षष्ठीकडे खेचण्याचा प्रयत्न होता: गावाचे, गावकऱ्याचे साहित्य.

'दलित साहित्य' या संज्ञेत ही ओढाताण अधिक तीव्र आहे, कारण 'दलित' हे मुळात धातुसाधित विशेषण असून नाम म्हणूनही वापरले जाते. १९५८ साली मुंबईत दलित साहित्याचे पहिले संमेलन भरले तेव्हापासून हा समास कसा सोडवायचा हा वाद आहे. षष्ठी तत्पुरुष मानला तर ते दलितांचे साहित्य, आणि जन्माची अट आली. 'दलितांविषयीचे' असा विग्रह केला तर सहानुभूतीने लिहिणारा कोणीही आत येतो. कर्मधारय मानला तर साहित्यच दलित ठरते, आणि तो अर्थ कोणालाच नको आहे. यातून वाट म्हणून 'आंबेडकरी साहित्य' ही संज्ञा पुढे आली. येथे 'ई' प्रत्यय गावाला न लागता व्यक्तिनामाला लागला आहे, आणि त्याचे काम तेच आहे: जन्माकडून विचाराकडे नेण्याचे. ज्यांनी ती स्वीकारली त्यांना दलितत्व ही ओळख म्हणून नको होती. विचार ही ओळख हवी होती. ज्यांनी नाकारली त्यांना धास्ती होती ती विणकराचीच. विचार उसना घेता येतो. सोसलेले उसने घेता येत नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असल्याने हा वाद संज्ञेच्या पातळीवर मिटण्यासारखा नाही.

सोलापुरात १९९० साली मुस्लिम मराठी साहित्य संमेलन प्रथम भरले. सोलापूरचे विचारवंत फकरुद्दीन बेन्नूर ज्या मंथनात अग्रभागी होते त्यातून आलेल्या या संज्ञेतील प्रत्येक पदाची जागा पारखून घेण्यासारखी आहे. 'मराठी मुस्लिम साहित्य' म्हटले असते तर मुस्लिम साहित्य नावाचा एक मोठा वर्ग आणि त्याचा मराठी पोटभाग, अशी मांडणी झाली असती. 'मुस्लिम मराठी साहित्य' या क्रमात मराठी साहित्य हे घर आधी येते. त्याहून महत्त्वाची निवड 'मुस्लिम' आणि 'इस्लामी' यांतली. 'इस्लामी' हे धर्माच्या नावापासून घडलेले विशेषण आहे. ते साहित्याचा गुण सांगते, त्याचा मजकूर धर्माने ठरवते. 'मुस्लिम' हे आधी माणसाचे नाव आहे. 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद 'इस्लामी साहित्य' या सदरात घालू गेले तर ग्रंथच आडवा येतो. बार्शीच्या अमर शेखांची शाहिरी त्या सदराकडे वळूनही पाहत नाही. 'मुस्लिम मराठी' या नावात मात्र दोघांनाही जागा असू शकते, शिवाय जो धर्माविषयी अवाक्षरही लिहीत नाही, फक्त मोहल्ल्यातील दिवस लिहितो, त्यालाही. अमर शेखांना स्वतःला असे नाव लावून घेणे रुचले असते का, हा प्रश्न वेगळा. कामगारांच्या सभेत गाणाऱ्या त्या शाहिराला 'मराठी' एवढे एकच विशेषण पुरले असण्याची शक्यता अधिक. आणि असे नाव लावून न घेणाऱ्या कवींचे कवितासंग्रह संमेलनाच्या सूचीत घ्यायचे की नाही, हे सूची करणाऱ्याला प्रत्येक नावापाशी थांबून ठरवावे लागते.